आज्ज्याचं फळकूट

न्हाव्याचा पट्टा आताच्या पोरांनी पाहिलेला नाही. सलूनात गेलं की कारागीर नवं पातं मधून मोडतो, अर्धं वस्तऱ्यात घालतो, दाढी झाली की फेकून देतो. एड्सचं नाव गावोगाव पोचलं तेव्हापासून ही रीत पडली आणि चांगलीच पडली. त्याआधी वस्तरा एकच असायचा. तो दगडावर घासायचा आणि मग चामड्यावर चट्‌ चट्‌ परजायचा. दुकानवाल्याचा पट्टा खुंटीला टांगलेला असायचा. झाडाखाली बसणाऱ्याच्या धोकटीत लाकडाच्या फळीला चिकटवलेलं चामडं असायचं.

ते चामडं कुठून यायचं, हा माझा पहिला प्रश्न. मेलेलं जनावर महारानं ओढायचं. कातडं ढोरानं कमवायचं. चांभारानं कापायचं, शिवायचं. त्यावर न्हाव्यानं वस्तरा परजायचा आणि तो पाटलाच्या गालावर फिरवायचा. म्हणजे आमच्या हातचं कातडं पाटलाच्या गालाला चालत होतं. आमचा गाल मात्र न्हाव्याच्या हाताला चालत नव्हता. मोटेचंही तेच. आमच्या हातनं आलेल्या चामड्यातून पाणी वर यायचं, त्या पाण्यावर मळा पिकायचा, मळ्याला विटाळ नव्हता. मृदंगाला चढलेलं चामडं तर थेट देवळात जायचं. ते ओढणारा पायरीच्या खाली.

संपादक मित्रानं माझ्याकडं कविता मागितली होती. कविता पुढच्या वेळेला देईन. या वेळेस फळकुटावर लिहितो. कारण आमच्या घरात असलं एक फळकूट आहे, आणि त्यावरून नेकनूरच्या आमच्या पोरांत वाद लागलाय.

आमचं मूळ गाव नेकनूरच्या पंचक्रोशीतलं, बालाघाटाच्या उतारावरचं. नाव लिहीत नाही. तुमच्या गावाचं नाव घाला, गोष्ट बदलायची नाही. मेलेली ढोरं ओढू नका हे बाबासाहेबांनी महाडला १९२७ च्या मार्चमध्ये सांगितलं. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य. ते शब्द आमच्या वस्तीच्या हाडात मुरायला तीस वर्षं लागली. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आज्ज्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत वस्तीनं ढोरं ओढायचं सोडलं. गावानं दळण बंद केलं, वाण्यानं उधारी बंद केली. न्हाव्याला काही बंद करावं लागलं नाही. तो कधी आलाच नव्हता.

मग आमची डोकी कोण करायचं? वस्तीतला एक म्हातारा मेंढ्या कातरायच्या कात्रीनं करायचा. डोक्यावर पायऱ्या पडायच्या. दाढीला एक जुना वस्तरा होता, त्याला धार म्हणून नव्हती. आज्ज्याच्या लग्नात नवरदेवाची दाढी त्याच वस्तऱ्यानं झाली. गाल सोलून निघाले. त्यावर हळद लागली. आज्जा सांगायचा, "मंडपात लोकं हासत व्हते, नवरदेव लाजून लाल झालाय म्हणून. म्या आगीनं लाल झाल्तो."

लग्नानंतर मजुरीचे पैसे जमले तसा आज्ज्यानं बीडहून वस्तरा आणला. चार दिवसांत तोही भोथरा झाला. तेव्हा त्याला कळलं ते त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल:

"वस्तरा इकत मिळतो रं लेकरा, धार इकत मिळत न्हाई."

धार लावायला शिकवणार कोण? गावात लिंबाखाली न्हावी बसायचा. आज्जा लांब उभा राहून त्याचा हात बघायचा. जवळ जायची सोय नव्हती म्हणून कान द्यायचा. वस्तरा चामड्यावरून जाताना पाठीकडून ओढला तर एक आवाज, धारेकडून रेटला तर दुसरा. न्हाव्याच्या फळीतून कधीच दुसरा आवाज येत नाही हे त्यानं ऐकून ओळखलं. आमच्या घरातली ही विद्या अशी कानानं आलेली आहे.

मग त्यानं स्वतःचं फळकूट केलं. लाकूड लिंबाचं, कारण लिंबाला कीड लवकर धरत नाही. चामडं जुन्या मोटेच्या सोंडेचं. इंजिनं आली तशा मोटा अडगळीत पडल्या, त्यातली एक त्याला मिळाली. सोंडेचा तुकडा भिजवला, दगडाखाली दाबून सपाट केला, खापरानं घासून त्याची लव काढली. चिकटवायला चिंचोक्याची खळ. वरून चार थेंब करडीचं तेल. आणि तेलावर विटेची भुकटी.

ही भुकटी करायची त्याची रीत अशी. पक्की भाजलेली वीट कुटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची, पाण्यात कालवायची. थोडा दम धरला की जाड कण खाली बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी तळाला साय बसलेली असते. बोटांत चोळली तर खर लागत नाही. ती साय वाळवून वापरायची. आज्जा शाळेत गेला नव्हता. जड कण आधी बसतो, हलका उशिरा बसतो, हे त्यानं एका गाडग्यात शोधलं.

१९७२ च्या दुष्काळात तो खडी फोडायच्या कामावर होता. फळकूट आणि वस्तरा सोबत असायचा. दुपारच्या सुट्टीत आपल्या माणसांच्या दाढ्या करायचा. एक दिवस गावातला एक बडा शेतकरी जवळ येऊन बसला. त्याच्याही हातात हातोडी आली होती, खुंट वाढले होते. हळूच म्हणाला, "माझी बी कर."

आज्ज्यानं विचारलं, "मालक, इटाळ?"

"दुष्काळात कसला इटाळ? कर तू."

आज्ज्यानं केली. पुढच्या साली पाऊस पडला, शेतं उभी राहिली. तोच माणूस गावात समोरून आला आणि मान दुसरीकडं करून गेला. आज्जा हे सांगताना रागावत नसे. एवढंच म्हणायचा, "गाल वळखीचा व्हता. माणूस न्हाई."

आता माझं सांगतो. मी जिनिंगमध्ये कामाला आहे. कापूस येतो त्या हंगामात काम, बाकी वर्ष मिळेल ते. आमच्या यंत्राचं पोट तुम्ही बघावं. चामड्याचे दोन रोलर फिरतात. त्यांना लांब चाकू चिकटून बसवलेला असतो. चामड्याच्या खरखरीला कापसाचे तंतू चिकटतात आणि चाकूखालून ओढले जातात. सरकी त्या फटीत मावत नाही, ती अडते. दुसरा हलता चाकू तिला ठोकून सोडवतो. रुई एकीकडं, सरकी दुसरीकडं. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. या चाकूची गंमत अशी की त्याला धार ठेवत नाहीत. कड गोल असते, नाहीतर तंतू तुटेल.

म्हणजे आज्ज्याच्या हातातही चामडं आणि पातं, माझ्याही पुढ्यात चामडं आणि पातं. फरक एवढा की त्याचं त्याच्या मालकीचं होतं. या रोलरना क्रोमनं कमावलेलं चामडं असतं. ते झिजतं, त्याची धूळ रुईत जाते, आमच्या छातीत जाते. मुंबईत माटुंग्याला सरकारची कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. तिथं बिनक्रोमचे रोलर तयार झालेत. आमच्याकडं अजून चामडंच फिरतंय.

ज्यांना फळकूट करायचंय त्यांच्यासाठी रीत लिहितो. आपल्या पोरांना लेख वाचून हाताला काहीतरी काम लागलं पाहिजे.

फळी घ्या दहा इंच लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड, शिवाय मुठीपुरती जागा. सुताराच्या दारात असले तुकडे पडलेले असतात. साग चालतो, लिंब चालतो. फळी वाकडी नको, गाठ नको. शहाबादी फरशीवर पॉलिशपेपर पसरा आणि फळी त्यावर घासा. आधी पेन्सिलीनं फळीवर आडव्या रेघा मारा. सगळ्या रेघा पुसल्या की फळी सपाट झाली. इथं आळस केला तर पुढची सगळी मेहनत वाया.

चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं पाहा. आमच्या माळावर बाभूळ आहे, पिवळ्या फुलांचा तरवड आहे. जुने कारागीर यांच्याच सालीत कातडं कमवायचे. ते चामडं घट्ट असतं, दबत नाही. क्रोमचं चामडं मऊ, फुगरं असतं, त्यावर पातं बुडतं. म्हणून जिनिंगचे झिजलेले रोलर फुकट मिळाले तरी घेऊ नका. बाजारातले पुष्कळ पट्टे चामड्याचे नसतातच, रेक्झिनचे असतात. कापलेली कड बघा. चामड्याला आत धागे दिसतात, रेक्झिनला कापड दिसतं. फेविकॉल पातळ लावा, वर फरशी ठेवून रात्रभर दाबा. चामडं मिळालंच नाही तर पांगाऱ्याची नाहीतर सावरीची फळी उघडीच वापरा. ही लाकडं मऊ असतात, भुकटी धरून ठेवतात. भुकटी विटेची करा. नाहीतर भांडी पॉलिश करणाऱ्यांकडं हिरवी वडी मिळते ती घासा.

आता वापरायचं कसं. पातं आधी दगडावर घासा. दगडानं धार येते, पण कडेला लोखंडाचा केसाहून बारीक ओठ उलटून राहतो. बोट धारेला आडवं, बाहेरच्या बाजूला हलकं फिरवलं की तो लागतो. फळकुटाचं काम हा ओठ काढायचं. पातं जवळजवळ आडवं धरा, पाठीखाली दोन नाणी मावतील एवढंच उचला. पाठ पुढं, धार मागं, असं ओढा. शेवटाला पोचल्यावर पातं पाठीवर पालटा आणि परत या. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असे पंधरा-वीस हात. जोर लावू नका. जोर लावला की चामडं दबतं, धारेच्या पुढं उचलून येतं आणि तीच धार गोल करून टाकतं. आज्जा म्हणायचा, नुसतं पात्याचं वजन पुरं.

हे सुरीला चालतं, चांभाराच्या रापीला चालतं. विळी पाटाला बसवलेली असते, तर फळकूटच हातात धरून पाठीकडून धारेकडं, बाहेरच्या दिशेनं न्या. कोयत्याला मात्र याचा उपयोग नाही. माझे आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, त्या जोडीवर मुकादम उचल देतो. उसाच्या कोयत्याला दातेरी धार लागते, ती कानशीनं येते. बापाच्या गाठोड्यात कानस असते. फळकूट घरी राहतं.

चामड्याचं आणखी एक सांगायचं राहिलं. २०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हशीला नाही. म्हणून मी वापरतो ते चामडं म्हशीचं. आणि ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. मेलेल्या गाईचं! शतकानुशतकं हे काम करा म्हणून मारलं, आता केलं म्हणून मारलं. तिथल्या लोकांनी उत्तर दिलं. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची आई, तुम्ही उचला, म्हणाले. आमच्या वस्तीनं साठ वर्षांआधी जे सोडलं त्याचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला. चामडं हातात घेणं वाईट नाही. ते कपाळावर लिहिलेलं असणं वाईट.

आता वादाकडं येतो. आमच्यातली काही पोरं म्हणतात, आज्ज्याचं फळकूट हा आपला इतिहास आहे. आपणही आपलंच सलून काढू. आपली खुर्ची, आपला वस्तरा. गावाच्या सलूनात कोण बसवतो, कोण तोंड वाकडं करतो, हे बघायची गरजच राहणार नाही.

सलून काढा. पोटाला धंदा पाहिजेच. पण गरज राहणार नाही, हे मला पटत नाही. त्याचं कारण आज्ज्यानंच दिलंय.

कुणीतरी अर्ज केला म्हणून एकदा तालुक्याचा साहेब गावात चौकशीला आला. न्हावी यांची दाढी करतो का, असं विचारलं. गावची मंडळी हसून म्हणाली, "साहेब, त्यांच्यात त्यांचा न्हावी हाय. तक्रार कशाची?" आणि आज्ज्याकडं बोट दाखवलं. ज्या फळकुटानं वस्तीची अब्रू राखली तेच गावाच्या बाजूनं साक्षीला उभं केलं. आज्जा पुढं झाला. म्हणाला, "साहेब, माज्याकडं वस्तरा हाय म्हणून ह्यांचा गुन्हा धुतला जातो का?" साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसला.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहिलंय. साताऱ्याला त्यांच्या घरच्यांचे केस थोरली बहीण कापायची. गावात न्हावी होते, द्यायला पैसे होते, पण अस्पृश्याला हात लावायला एकही तयार नव्हता. बहिणीच्या हातात माया होती, तरी बाबासाहेबांनी ती गोष्ट अन्याय म्हणूनच नोंदवली. बहीण केस कापते म्हणून प्रश्न सुटला, असं त्यांनी म्हटलं नाही. महाडचं तळंही तहानेसाठी नव्हतं.

२९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर झालं. त्याच दिवशी दुकानांत सगळ्यांना प्रवेश देणारं कलमही चर्चेला होतं. दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी शब्दाचा अर्थ मोठा केला. येईल त्याला सेवा द्यायला माणूस जिथं तयार बसलाय ती जागा म्हणजे दुकान. आमचा मराठवाडा निजामाच्या हातून सुटून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. आज्जा असेल आठ-नऊ वर्षांचा, मेंढ्यांच्या कात्रीखाली बसलेला. त्याच्यासाठी दिल्लीत एक माणूस बोलत होता.

न्हाव्यालाही मी शिव्या देत नाही. तो बलुतेदार. सुगीला गाव देईल त्या धान्यावर त्याचं घर. आमच्या वस्तीत आला असता तर गावानं त्याचं बलुतं तोडलं असतं. वरच्याची लाथ खायची आणि खालच्याला द्यायची, या उतरंडीलाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. पण न्हाव्याला नाही म्हणता येत होतं, याचा पुरावाही आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणार नाही. त्यामागं नारायण मेघाजी लोखंडे होते, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे. मी गिरणीत राबतो म्हणून मला या गोष्टीचा जास्त अभिमान. त्या सभेत वस्तऱ्यानं धर्माला नकार दिला. आमच्या गावात त्याच वस्तऱ्यानं धर्मासाठी आम्हाला नकार दिला. नकार कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न होता आणि आहे.

म्हणून दोस्तांनो, दोन्ही कामं करायची. ज्याला फळकूट करायचंय त्यानं नेकनूरला यावं, फळी घेऊन. मी चामडं देतो, रीत दाखवतो. आणि दर महिन्याला दोघा-दोघांनी पंचक्रोशीतल्या एकेका गावच्या सलूनात जायचं. नाव विचारलं तर पूर्ण नाव सांगायचं. वस्ती विचारली तर वस्ती सांगायची. खुर्चीत बसायचं, दाढी करायची, दर असेल तो द्यायचा, बाहेर येऊन वहीत तारीख टाकायची. बसवलं तर त्या कारागिराचे आभार मानायचे, चहा पाजायचा. तो आपला माणूस.

नाही म्हटला तर भांडण नको, हात उचलायचा नाही. वेळ लिहायची, शब्द जसेच्या तसे लिहायचे, सोबत्याची सही घ्यायची. १९५५ चा कायदा आहे, १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याचं कलम ६ सेवा नाकारण्याबद्दल आहे. शिक्षा एक ते सहा महिने, दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपयांत आज चार माणसांच्या दाढ्या-कटिंग होत नाहीत, तरी कलम पाठ ठेवा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात २६ जानेवारी २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही गुन्हा म्हणून आलाय.

आज्जा २०१४ साली गेला. शेवटपर्यंत त्यानं दाढी स्वतःच्या हातानं, त्याच वस्तऱ्यानं केली. कुणी सलूनात चल म्हटलं की म्हणायचा, "आता मला काय करायचंय?" मी त्याला नेऊ शकलो नाही, तेव्हा मी शाळेत होतो. आता कमावतो. वही आणलीय, पहिल्या पानावर गावांची नावं लिहिलीत. सुरुवात आमच्या मूळ गावापासून आहे. पहिल्या खेपेला मी जाणार. सोबत दुसरा कोण येतो, ते कळवा.

जय भीम.